वाळू उपशाविरुद्ध सुरुवात करताना

भावा, पंचगंगेसाठी उभा राहतोयस, लई बरं वाटलं. पण डंपर अडवायला जाऊ नकोस. नवी पोरं हीच चूक करतात, जिवावर बेततं.

आधी माहिती अधिकारात विचार: लिलाव झालाय का, पर्यावरण मंजुरी आहे का? २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून पाच हेक्टरांखालच्या वाळू गटालाही (म्हणजे उपशासाठी आखून दिलेल्या नदीपात्राच्या तुकड्यालाही) ती लागते.

मग तक्रार. ‘नदीत उपसा चाललाय’ एवढ्यानं काही हलत नाही.
- गाव, काठच्या शेताचा गट नंबर, तारीख, वेळ
- लांबून काढलेला फोटो. पात्रातून वाळू खेचणारा सक्शन पंप असेल तर तो आलाच पाहिजे

अर्ज तहसीलदारांकडं, पोहोच घेऊनच परत ये. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नं यंत्रं जप्त करायचा अधिकार त्यांना आहे. ग्रामसभेचा ठराव जोडलास तर तू एकटा पडणार नाहीस. हरित लवादाचं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाचं, नंतर बघू.