स्थानिक साहित्यातून स्वस्त घरं बांधणारे, मूळचे इंग्लंडचे वास्तुविशारद लॉरी बेकर दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते का? रत्नागिरीत जांभ्याचं घर बांधतोय, म्हणून विचारतो.

नाही, बेकर युद्धात होते, पण सैनिक म्हणून नाही. ते क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथातले; फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिट या क्वेकरांच्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथे जखमींची आणि पुढे कुष्ठरुग्णांची सेवा केली. इंग्लंडला परतताना मुंबईत बोटीची वाट बघताना गांधीजी भेटले, आणि १९४५ साली ते पुन्हा भारतात आले ते कायमचेच. घराचं साहित्य पाच मैलांच्या आतलं असावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. रत्नागिरीत ते साहित्य म्हणजे चिरेखाणीतला जांभाच! फक्त त्यांच्या केरळातल्या विटांच्या जाळ्या (हवेसाठी भोकं ठेवून रचलेल्या भिंती) जशाच्या तशा उचलू नका. आपल्याकडे पाऊस समुद्रावरून तिरका येतो, त्या बाजूला रुंद पडवी हवीच.