पाटोद्याचा पाऊस बघ

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

मांजरा धरणावरचा तुझा हा पहिलाच उन्हाळा, आणि ‘एल निनो येतोय’ ही बातमी वाचून तू धास्तावला आहेस. गावात लोक आत्तापासूनच दुष्काळ धरून चालले आहेत, म्हणतोस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅसिफिकमध्ये विषुववृत्तालगत वारे एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि कोमट पाणी इंडोनेशियाकडे लोटत राहतात. ढगही तिकडेच उठतात. वारे मंदावले की ते पाणी पेरूच्या दिशेने सरकतं, ढग त्याच्यामागे जातात आणि आपल्याकडे हवा खाली दबून पाऊस ओढ देतो. मधल्या पट्ट्यातलं पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश जास्त तापून काही महिने तसंच राहिलं, तर तो एल निनो. अर्धाच अंश, पण हजारो किलोमीटर पसरलेल्या पाण्याचा!

तरी एल निनो म्हणजे दुष्काळच, असं समजू नकोस. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी होता आणि देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. २००२ चा त्याच्यापुढे किरकोळ, पण जुलै कोरडा गेला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर अडकला. यात आपल्या हिंदी महासागराचाही हात असतो. सुमात्राकडच्या पाण्यापेक्षा आफ्रिकेकडचं पाणी जास्त तापलं की मान्सूनला बळ मिळतं. १९९७ मध्ये ते तापलं होतं. २०१९ मध्येही, आणि त्या वर्षी देशाची सरासरी ११० टक्क्यांवर गेली. पण त्याच ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पुरात बुडालं असताना मराठवाडा आभाळाकडे डोळे लावून बसला होता. देशाच्या टक्केवारीने आपलं धरण भरत नाही रे.

२०१६ मी विसरू शकत नाही. देशात पाऊस २०१४ मध्ये सरासरीच्या ८८ टक्के, २०१५ मध्ये ८६. लातूरला पाणी देणारं मांजरा कोरडंठाक. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. त्या दिवसांत मी धरणाच्या तळात उतरलो होतो. मोजपट्टीच्या खांबापाशी गाळाला पडलेल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. ते सगळं एकट्या एल निनोने केलं नव्हतं. पाऊस ओढ देत असताना बोअर खोल जात राहिले आणि ऊस उभाच राहिला.

तेव्हा हवामान खात्याच्या एप्रिलच्या अंदाजावर पेरणीचा सल्ला कुणाला देऊ नकोस. मेअखेरीस सुधारित अंदाज येतो, तोही बघ. १५ ऑक्टोबरला धरणात जे असेल, त्यातून पिण्याचं पाणी आधी बाजूला काढ, तेही पुढचा पावसाळा लांबेल असं धरून. उरलं तरच आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी सोडणं. एल निनोच्या वर्षी उन्हाळी आवर्तनासाठी लोक दार ठोठावतील, चिडतील. त्यांना साठ्याचे आकडे दाखव, चहा पाज, पण शब्द देऊ नकोस.

मृग लागला की पाटोदा-केजकडच्या पर्जन्यमापकांचे रोजचे आकडे वहीत उतरवत जा. धरणाचा येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, तिथूनच येतो. दर रविवारी मला पाठव. माझ्या जुन्या वह्या काढून ठेवल्या आहेत, शेजारी ठेवून बघू.

तुझे सर