ऑर्गॅनिकमधला सी आणि डेंटल स्कूलचा अर्ज

प्रश्न : माझी मुलगी इथे न्यू जर्सीतच कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र. गेल्या उन्हाळ्यापासून तिने डेंटिस्ट व्हायचं मनावर घेतलंय. हायस्कूलमध्ये एपी (कॉलेजच्या पातळीच्या) बायोलॉजीत ५ मिळाले होते, म्हणून कॉलेजात तिने बायोलॉजी घेतलंच नाही. जनरल केमिस्ट्री झाली आहे. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या भागात सी ग्रेड आली, दुसरा भाग या जानेवारीत सुरू होतोय. फिजिक्स अजून बाकी आहे. मेजर बदलावं का? तो सी पुसायला कोर्स पुन्हा घ्यावा का? तिचे काका पुण्यात डेंटिस्ट आहेत, त्यांच्याकडचं शॅडोइंग, म्हणजे शेजारी उभं राहून काम बघणं, चालेल का? येत्या जूनमध्येच अर्ज करायचा तिचा हट्ट आहे.
— एक आई, एडिसन

उत्तर : ताई, आधी हट्टाचं बोलते, कारण बाकी सगळं त्यावर ठरणार आहे. येत्या जूनमध्ये नको, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये अर्ज करू दे. पदवीनंतर एक वर्ष थांबावं लागेल. ‘वर्ष वाया गेलं’ हे आपल्या तोंडी फार लवकर येतं. इथे असं थांबून डेंटलला जाणारी मुलं भरपूर असतात आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडत नाही.

मी स्वतः बारावीनंतर थेट मुंबईत बीडीएसला गेले आणि पदवी घेऊनच इथल्या डेंटल स्कूलमध्ये आले. त्यामुळे आधी चार वर्षं कॉलेज आणि मग डेंटल स्कूल हा इथला रस्ता मला कळला तो माझ्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून काम करता करता अर्ज भरणाऱ्या मुलामुलींकडून. अर्ज ‘आडसॅस’ या केंद्रीय पोर्टलवरून जातो. तो जूनच्या सुरुवातीपासून पाठवता येतो, बहुतेक ठिकाणी येतील तसे वाचले जातात आणि पहिल्या ऑफर डिसेंबरच्या मध्याला निघतात. राहिलेले विषय ‘पुढे घेणार’ म्हणून दाखवता येतात, ते प्रवेशाआधी पूर्ण झाले म्हणजे झालं. म्हणजे नियमाने ती या जूनमध्ये बसते. पण अर्ज वाचणाऱ्याला दिसणार काय? ऑर्गॅनिकमध्ये सी, कॉलेजात बायोलॉजीचा एकही वर्ग नाही आणि फिजिक्सचा पत्ता नाही.

मेजर अजिबात बदलू नका. डेंटल स्कूलला ठरावीक विषय लागतात, ठरावीक मेजर नाही. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक आणि फिजिक्स, साधारण प्रत्येकी एक वर्ष आणि लॅबसकट, शिवाय इंग्रजी. बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही लागते. काही ठिकाणी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी. प्रत्येक स्कूलची यादी थोडी वेगळी असते, तेव्हा पाचसहा नावं निवडून त्यांच्या याद्या शेजारी ठेवून बघायला तिला सांगा. एपीच्या ५ ने कॉलेजचं क्रेडिट मिळालं असेल, पण काही डेंटल स्कूल ते धरत नाहीत आणि काही म्हणतात की त्याऐवजी वरच्या पातळीची बायोलॉजी दाखवा. तेव्हा फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी तिने आपल्याच कॉलेजात, लॅबसकट घ्यावी.

आता तो सी. तो पुसता येत नाही. कोर्स पुन्हा घेतला तर आडसॅस दोन्ही ग्रेड मोजतं. कॉलेजने ट्रान्सक्रिप्टवर जुनी ग्रेड बदलून दिली तरीही. बहुतेक स्कूल सी किंवा त्याच्या वरचं स्वीकारतात, म्हणजे हा सी नियमात बसतो. सी मायनस असता तर मी पुन्हा घे म्हटलं असतं. इथे ती मेहनत दुसऱ्या भागात आणि त्यानंतरच्या बायोकेमिस्ट्रीत घालावी. सीनंतर बी प्लस आणि मग बायोकेमिस्ट्रीत ए, असा चढता आलेख वाचणाऱ्याच्या लगेच नजरेत भरतो. म्हणूनच मला हे जास्तीचं वर्ष हवंय.

डॅट, म्हणजे डेंटलची प्रवेश परीक्षा, तिने या उन्हाळ्यात, ऑर्गॅनिक ताजं असतानाच द्यावी. त्यात फिजिक्स नसतं, त्यामुळे ते राहिलंय म्हणून अडत नाही. एक लक्षात ठेवा, मार्च २०२५ पासून गुण २०० ते ६०० मध्ये मिळतात. ओळखीतलं कुणी ‘मला २२ होते’ म्हणालं तर ते जुन्या १ ते ३० च्या मापातलं. मुलं घाबरतात ती ‘पॅट’ला, म्हणजे आकार ओळखण्याच्या विभागाला. ६० मिनिटांत ९० प्रश्न, सहा प्रकारचे. एका प्रकारात चौकोनी कागदाला घड्या घालून भोकं पाडलेली दाखवतात आणि उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील ते विचारतात. माझी एक असिस्टंट जेवणाच्या सुट्टीत रिसेप्शनच्या टेबलावर चिकटचिठ्ठ्यांच्या घड्या घालून पंच मारत बसायची. आधी उत्तर लिहायचं, मग उलगडून बघायचं. काही आठवड्यांनी तिला कागद लागेनासा झाला. परीक्षेत घडी घालायला कागद मिळतच नाही. आणि ही नुसती कोडी नाहीत. वरच्या दाढेची मागची बाजू आम्ही आरशात बघून कोरतो, उलट दिसणाऱ्या चित्रावर हात सरळ चालवावा लागतो.

काकांकडे ती जरूर जाऊ दे, पण त्यावर भिस्त नको. स्कूलना इथल्या क्लिनिकमधलं शॅडोइंग बघायचं असतं. १०० तास हा आकडा बऱ्याच ठिकाणी सांगतात, त्यातले निम्म्याहून जास्त जनरल डेंटिस्टकडे असावेत. घरच्या माणसाचं शिफारसपत्रही उपयोगाचं नाही. आणि नुसते तास भरू नयेत. रूट कॅनाल आणि क्राउन परवडत नाही म्हणून वाचवता येण्यासारखी दाढ ‘काढूनच टाका’ म्हणणारा पेशंट तिला आठवड्याभरात भेटेलच. डॉक्टर त्याला काय सांगतात, किती वेळ देतात, शेवटी काय ठरतं, हे तिने त्याच संध्याकाळी लिहून ठेवावं. पर्सनल स्टेटमेंटला स्पेससकट ४५०० अक्षरं मिळतात. ‘मला लोकांना हसू द्यायचंय’ अशी वाक्यं वाचून वाचून समिती थकलेली असते, तिथे असा एक खरा पेशंट उपयोगी पडतो.

शिफारसपत्रं साधारण विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची लागतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला तिथे कोण ओळखतं? म्हणून या सेमिस्टरपासून प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळेत, जाणं सुरू करावं.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. काही खासगी स्कूलचा चार वर्षांचा खर्च राहण्याखाण्यासकट पाच लाख डॉलरच्या पुढे जातो. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज मिळणार नाही. डेंटलसारख्या पदवीला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. वरचं खासगी कर्जाने किंवा घरून. म्हणून न्यूअर्कचं रटगर्स, आपल्या राज्याच्या विद्यापीठाचं डेंटल स्कूल, यादीत वर ठेवा, राज्यातल्या रहिवाशांना तिथली फी कमी पडते.

हे पत्र तिने स्वतः लिहिलं असतं तर मला जास्त आवडलं असतं. रागावू नका, तुमची काळजी मला कळते. पण कॉलेजातल्या प्री-हेल्थ सल्लागाराची (डेंटल-मेडिकलला जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्याची) वेळ याच आठवड्यात तिने घ्यावी, आणि फोनही तिनेच करावा.