कोल्हापुरात राहून मराठी आणि इंग्रजीत गाणी लिहितो; गायक-गीतकार प्रतीक कुहाडसारखं पुढे जायचं तर एकच भाषा धरावी का?

नाही, एकच भाषा धरायची काही गरज नाही. प्रतीकने स्वतःही ती कधी धरली नाही. राजारामपुरीत मुलांना गिटार शिकवताना त्याची गाणी आली त्या क्रमाने ऐकवतो, तेव्हा हे स्पष्ट दिसतं:

- २०१३ : ‘रात राज़ी’, हिंदी
- २०१५ : पहिला मोठा अल्बम, इंग्रजी
- २०१८ : ‘कोल्ड/मेस’, पुन्हा इंग्रजी (यातलं शीर्षकगीत ओबामांच्या २०१९च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत होतं)
- २०२० : ‘कसूर’, हिंदी, आणि त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेतल्या इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीशी करार

बदलला तो साज. सुरुवातीला गिटार आणि आवाज एवढ्यावर गाणं उभं असायचं, २०२२च्या इंग्रजी अल्बममध्ये वाद्यं बरीच वाढली. पण जवळ बसून एकाच माणसाशी बोलावं तसं लिहिणं दोन्ही भाषांत तेच राहिलं, आणि माझ्या मते त्याची खरी कमाई हीच आहे. तुम्हीही आधी ते सांभाळा. गिटारवर एकट्याने म्हटलेलं गाणं उभं राहत नसेल तर स्टुडिओत पैसे घालू नका.

फक्त एक लक्षात घ्या : तो जयपूरचा, पण शिकला न्यूयॉर्कला, त्यामुळे इंग्रजी त्याच्या रोजच्या जगण्यातली आहे. तुम्ही घरी, रंकाळ्यावर, मित्रांशी ज्या मराठीत बोलता, तिच्यात ओळ आधी सुचत असेल तर ती इंग्रजीत ओढू नका.