वाचकांचे प्रश्न: अमेरिकेची बालन्यायालयं, कृष्णवर्णीय मुलं आणि मानसोपचार

गेल्या अंकातल्या अमेरिकी बालन्याय व्यवस्थेवरच्या लेखानंतर तिथे राहणाऱ्या, समाजकार्य शिकणाऱ्या आणि स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली. बहुतेकांची तक्रार एकच होती: कृष्णवर्णीय मुलांना अटक लवकर होते, उपचार मात्र उशिरा मिळतात. हे नेमकं कुठे घडतं आणि तिथे काय करता येतं, असं त्यांनी विचारलं आहे. त्यातल्या निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

बंदीगृहात कृष्णवर्णीय मुलं जास्त दिसतात, ती त्यांच्यात मानसिक आजार जास्त असल्यामुळे का?
(मानसशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

नाही. शिकागोच्या कुक काउंटीतल्या (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) बालबंदीगृहात १९९५ ते १९९८ या काळात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या लिंडा टेपलिन आणि सहकाऱ्यांनी १,८२९ मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. जवळजवळ दोन तृतीयांश मुलगे आणि तीन चतुर्थांशाच्या आसपास मुली कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराच्या निकषांत बसत होत्या. त्याच अभ्यासात अनेक विकारांचं प्रमाण गोऱ्या मुलांमध्ये अधिक निघालं. आमच्या मते याचा अर्थ असा, की गोरा मुलगा बंदीगृहापर्यंत पोहोचण्याआधी त्याला कोणीतरी दवाखान्याची वाट दाखवतं आणि फारच बिघडलेला असेल तोच आत येतो. कृष्णवर्णीय मुलाला त्या आधीच्या गाळण्या मिळत नाहीत.

२००० साली कोणत्याही एका दिवशी अमेरिकेत १ लाखाहून जास्त मुलं कोठडीत किंवा सुधारगृहात असत. २०२२ मध्ये ही संख्या ३० हजारांच्या खाली आली. एवढी घट होऊनही कृष्णवर्णीय मूल बंदिस्त असण्याची शक्यता गोऱ्या मुलाच्या चौपटीहून जास्तच राहिली. या विषमतेची दखल केंद्रीय कायद्याने १९८८ मध्येच घेतली होती, म्हणजे हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही.

मी क्लीव्हलंडजवळच्या एका बालबंदीगृहात आठवड्यातून एकदा वाचनवर्ग घेते. मूल आत येताच त्याची मानसिक तपासणी होते, असं सांगतात. मग एवढी मुलं नजरेतून सुटतात कशी?

तपासणी होते, पण ती कशी होते यावर सगळं अवलंबून आहे. सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे मेसी-टू. थॉमस ग्रिसो आणि रिचर्ड बार्नम यांनी ती १२ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी तयार केली. गेल्या काही महिन्यांबद्दलचे ५२ प्रश्न, उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’, वेळ १० ते १५ मिनिटं. गुण सात गटांत मोजतात: नशा, राग-चिडचिड, नैराश्य-चिंता, शारीरिक तक्रारी, आत्महत्येचे विचार, आघातांचे अनुभव आणि फक्त मुलग्यांसाठी विचारांतला गोंधळ. बहुतेक गटांना दोन रेषा ठरवून दिल्या आहेत, एक सावधगिरीची आणि दुसरी इशाऱ्याची. आत्महत्येच्या गटात पाच प्रश्न आहेत. त्यात दोन ‘हो’ आले की सावधगिरी, तीन आले की इशारा. आघातांच्या गटाला मात्र अशी रेषाच नाही. त्यामुळे अहवालात फक्त लाल खूण शोधणारा कर्मचारी तो गट वाचतच नाही, आणि या मुलांच्या बाबतीत तोच सर्वांत आधी वाचायला हवा.

पुढची गफलत जागेची. रात्री अकराला आणलेला मुलगा नोंदणीच्या टेबलाशी बसलेला असतो, मागे दोन मुलं रांगेत, समोर गणवेशातला माणूस. कागद हातात येतो आणि पेन्सिल ‘नाही’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एका दमात उतरते. दोन मिनिटांत भरून आलेला असा कागद म्हणजे ‘मूल ठीक आहे’ असं नव्हे. तपासणी झालीच नाही, असंच समजावं. अडखळत वाचणाऱ्या मुलांना हातात कागद न देता प्रश्न ऐकवावे लागतात, आणि तेही बंद खोलीत.

‘नाही’ म्हणण्यामागे भीतीही असते, आणि ती अनाठायी नाही. आत सांगितलेलं न्यायाधीशापर्यंत किंवा सरकारी वकिलापर्यंत जाईल का, हे त्या-त्या राज्याच्या कायद्यावर आणि संस्थेच्या लेखी करारावर ठरतं. म्हणून पहिला प्रश्न विचारण्याआधी मुलाला साध्या भाषेत सांगायला हवं: हे कोण वाचणार, कोण नाही, आणि कोणती गोष्ट लपवता येणार नाही. हे सांगायला मिनिटभर लागतं, आणि सगळ्यात जास्त वेळा तेच गाळलं जातं.

सर्वांत मोठी चूक निकाल वाचताना होते. किशोरवयातलं नैराश्य पुष्कळदा उदासीपेक्षा चिडचिडीतून दिसतं. निदानाच्या निकषांतही मुलांसाठी चिडका मूड ग्राह्य धरलेला आहे. तरी राग-चिडचिडीच्या गटात गुण वाढले की गोऱ्या मुलाच्या नावापुढे ‘समुपदेशकाकडे पाठवा’ आणि कृष्णवर्णीय मुलाच्या नावापुढे ‘लक्ष ठेवा’ असा शेरा पडू शकतो. संस्थेला मागायचा तो हा हिशेब: इशाऱ्याची रेषा ओलांडलेल्यांपैकी किती मुलांना ७२ तासांत तज्ज्ञ भेटला, वर्णानुसार वेगवेगळं मोजून. नुसती ‘शंभर टक्के तपासणी झाली’ ही नोंद काही सांगत नाही. झोप झाल्यावर, नशा उतरल्यावर आणि न्यायालयाच्या प्रत्येक मोठ्या तारखेनंतर तपासणी पुन्हा घ्यावी.

तुमच्या वर्गात एखादं मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं, तर गुप्ततेचं वचन देऊ नका. तासाभराचीही वाट न पाहता कामावरच्या अधिकाऱ्याला सांगा. मुलाचे शब्द जसेच्या तसे आणि वेळेसह लिहून द्या, आणि ‘पुढे काय केलं?’ हे दुसऱ्या दिवशी विचारा.

मी अटलांटात समाजकार्याचं शिक्षण घेतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक कृष्णवर्णीय मुलांच्या फायलीत ‘कंडक्ट डिसऑर्डर’, म्हणजे सतत नियम मोडण्याचा, इतरांना त्रास देण्याचा वर्तनविकार, लिहिलेलं असतं. विद्यार्थ्याने यावर शंका घ्यावी का?

अवश्य घ्यावी, पण आधाराने. या निदानाला १५ पैकी किमान तीन लक्षणं गेल्या १२ महिन्यांत आणि त्यातलं एक तरी गेल्या सहा महिन्यांत दिसावं लागतं. फायलीत ती तीन कोणती आणि कधीची, हे शोधा. पुष्कळदा एकाच भांडणाचा पोलीस अहवाल तीन लक्षणांसाठी वापरलेला सापडतो.

मग काय विचारलंच गेलं नाही ते पाहा. झोप किती तास? डोक्याला मार लागून शुद्ध हरपली होती का? गोळीबार पाहिला का, घरात कोणाचा मृत्यू झाला का? वाचनात अडचण, ऐकू कमी येणं? दाराकडे पाठ करून न बसणारा, मागून हात लागताच उसळणारा मुलगा ‘आक्रमक’ म्हणून नोंदला जातो, पण हीच आघातानंतरच्या ताणाचीही लक्षणं आहेत. चुकीच्या निदानाची किंमत मोठी असते: आघातावर १२ ते १६ भेटींची ठरलेली उपचारपद्धती उपलब्ध आहे, पण ‘वर्तनाचा दोष’ लिहिलेल्या मुलाला तिकडे कोणी पाठवत नाही.

पर्यवेक्षकाशी बोलताना ‘हा वंशभेद आहे’ अशी सुरुवात करू नका. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ वापरतात त्या २०१३ च्या निदानपुस्तिकेतच (डीएसएम-५) १६ प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिलेली आहे; मूल आणि त्याच्या घरचे त्रासाकडे कसं पाहतात, हे त्यात विचारतात. ‘ती घेऊन फेरनिदान करूया’ ही मागणी नाकारणं अवघड जातं. वयाचा मुद्दाही लक्षात असू द्या. २०१४ मध्ये फिलिप गॉफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गंभीर गुन्ह्याचा संशय असलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं वय लोक सरासरी साडेचार वर्षांनी जास्त समजतात. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अहवालात कृष्णवर्णीय मुलींबद्दलही प्रौढांचा असाच दृष्टिकोन आढळला: त्यांना आधाराची आणि मायेची गरज कमी असते, असं मानलं जातं. फायलीच्या पहिल्या पानावर जन्मतारखेशेजारी आजचं वय ठळक लिहा. बैठकीत त्याचा उपयोग होतो.

मूल विशेष शिक्षणाच्या (अपंगत्वामुळे वेगळी मदत लागणाऱ्या मुलांच्या) यादीत असेल तर शाळेकडेही पाहा. वर्तनाबद्दल शिक्षा म्हणून त्याला शाळेतून १० शालेय दिवसांहून जास्त काढून टाकायचं असेल, तर ते वर्तन अपंगत्वातून आलं का, हे त्या निर्णयानंतर १० शालेय दिवसांत बैठक घेऊन ठरवणं कायद्याने बंधनकारक आहे. ही बैठक चुकली की प्रकरण शाळेतून थेट न्यायालयात जायला वेळ लागत नाही.

मुलांना एकट्याला खोलीत कोंडणं अजून चालतं का?
(वाचक, ठाणे)

केंद्र सरकारच्या ताब्यातल्या मुलांना शिक्षा म्हणून नाही. २०१८ च्या कायद्यानुसार तत्काळ धोका असेल तेव्हाच, आणि इतरांना धोका असला तरी जास्तीत जास्त तीन तास. पण बहुतेक मुलं राज्यांच्या किंवा काउंटीच्या ताब्यात असतात आणि तिथले नियम वेगवेगळे आहेत. या बदलामागे न्यूयॉर्कच्या कलीफ ब्राउडरचं प्रकरण आहे. २०१० मध्ये १६ व्या वर्षी पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून अटक, ३,००० डॉलरचा जामीन घरच्यांना न परवडणारा, तीन वर्षं रायकर्स बेटावरच्या तुरुंगात, त्यातली सुमारे दोन एकांतात. खटला न चालताच २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्याने जीवन संपवलं.

सुटका झाल्यावर उपचार तुटतात. ते टिकवण्यासाठी कुटुंबाने काय करावं?
(समुपदेशक, न्यू जर्सी)

तयारी सुटकेच्या महिनाभर आधी सुरू करा. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांचा सरकारी आरोग्यविमा, बंदिवासात सहसा उपचारांचे पैसे देत नाही. मात्र २०१८ च्या केंद्रीय कायद्याने मुलाचं नावच रद्द करायला मनाई केली. ते फक्त स्थगित ठेवता येतं. दोषी ठरलेल्या, विम्यास पात्र २१ वर्षांखालील मुलांसाठी १ जानेवारी २०२५ पासून सुटकेआधीच्या ३० दिवसांत तपासणी आणि निदान, तसंच सुटकेआधी आणि नंतर किमान ३० दिवस समन्वयकाची मदत, हे राज्यांवर बंधनकारक झालं आहे. कुटुंबाने विचारायचे प्रश्न असे: समन्वयकाचं नाव काय? विमा कोणत्या तारखेपासून पुन्हा चालू होणार? पहिली भेट कुठे आणि किती वाजता? ती सुटकेनंतर सात दिवसांच्या आत असावी, आणि हातात ३० दिवसांच्या गोळ्या व चिठ्ठी मिळाल्याशिवाय बाहेर पडू नये.

सगळं जुळूनही गाडी अडते ती प्रोबेशनवर, म्हणजे न्यायालयाच्या अटी पाळून देखरेखीखाली बाहेर राहण्यावर. अधिकाऱ्याची हजेरी दुपारी चारला, समुपदेशकाची वेळही चारला, दोन्हीमध्ये दोन बस. एक भेट चुकते. आदेशात उपचार ‘अट’ म्हणून लिहिलेले असतील, तर तो अटीचा भंग ठरतो आणि मूल पुन्हा आत जातं. उपचार ‘सेवा’ म्हणून नोंदवावेत आणि गैरहजेरीसाठी कोठडी नको, हे वकिलाकडून आदेशातच लिहून घ्या. जमल्यास ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’ ही घरी येऊन काम करणारी कुटुंबउपचारपद्धती मागा. ती तीन ते पाच महिने चालते, एका उपचारकाकडे चार ते सहाच कुटुंबं असतात आणि तो रात्री-अपरात्रीही उपलब्ध असतो. बसचा प्रश्नच उरत नाही, आणि आजीला, मावशीलाही त्यात बसता येतं.

मुलाच्या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मित्राला पोलिसांनी नेलं. त्याच्या आईने मला फोन केला. मी काय सांगायला हवं होतं?
(गृहिणी, ह्यूस्टन)

आईने मुलाला आणि पोलिसांनाही स्पष्ट सांगावं: वकील आल्याशिवाय तो प्रश्नांची उत्तरं देणार नाही. वकिलाचा हक्क बालन्यायालयातही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच ठरवलं आहे. ‘खरं सांग आणि घरी ये’ असं आईने चुकूनही म्हणू नये. मग बंदीगृहात फोन करून परिचारिकेला औषधाचं नाव, मात्रा, शेवटची गोळी कधी घेतली ते आणि आधी कधी जिवाला अपाय करून घेतला असेल तर तेही सांगावं. फोन घेणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून ठेवावी. काही औषधं एकाएकी बंद झाली तर एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो, त्यामुळे हा फोन त्याच रात्री करायचा. आई स्वतः कोलमडली असेल तर ९८८ हा मानसिक संकटासाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिच्यासाठी तुम्हीही तो लावू शकता.