पावसाच्या फाइलमधले २,९२० जादा बाइट

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हवामान खात्याचा पाव अंश जाळीचा रोजचा पाऊस वापरते. आमच्या सरांचा फोर्ट्रान प्रोग्रॅम त्यातून ३६५ दिवसांची बायनरी फाइल बनवतो. मी ती पायथनमध्ये वाचली की पहिलाच आकडा ९.७६ गुणिले १० चा उणे ४१ वा घात येतो आणि पाऊस दिवसागणिक सरकतो. फाइल २,५४,२८,८२० बाइटची आहे. सरांकडे सगळे बरोबर दिसते. माझे काय चुकते?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : फाइलचा आकार कळवलात हे फार बरे केलेत, उत्तर त्यातच आहे. ही जाळी १३५ बाय १२९ घरांची : पूर्व-पश्चिम ओळीत १३५ घरे, दक्षिणेकडून उत्तरेकडे अशा १२९ ओळी. दर घराला ४ बाइट, म्हणजे दिवसाला ६९,६६० आणि वर्षाला २,५४,२५,९००. तुमच्याकडे २,९२० जादा आहेत. ३६५ ने भागा : दिवसाला ८.

सरांनी फाइल ‘अनफॉर्मॅटेड’ (आकडे मजकुरात न बदलता थेट बायनरीत) उघडून दर दिवसाला एक राइट केले असणार. तेव्हा जीफोर्ट्रान हा फोर्ट्रानचा कंपायलर प्रत्येक रेकॉर्डच्या, म्हणजे एका राइटच्या, आधी आणि नंतर त्याची लांबी खूण म्हणून चार-चार बाइटांत लिहितो. वाचताना तो त्या खुणा स्वतःच गाळतो, म्हणून सरांना त्या कधी दिसल्या नाहीत. पायथनमधल्या नमपाय लायब्ररीच्या फ्रॉमफाइलला मात्र त्या खुणाही पाऊसच वाटतात. तुमचा तो विचित्र आकडा म्हणजे ६९,६६० हा पूर्णांक, अपूर्णांक समजून वाचलेला.

पहिल्या दिवशी एक घर सरकते, पुढे रोज आणखी दोन. १ ऑगस्टला ४२५ घरे होतात : तीन ओळी उत्तरेला, वीस घरे पूर्वेला. चिपळूणचा पाऊस तेलंगणात मेदकच्या आसपास दिसू लागतो. तिथेही तेव्हा पावसाळाच, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला शंका येत नाही आणि चुकीची सरासरी थेट प्रबंधात जाते. तुम्ही थांबून विचारलेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

आजच्यापुरते पायथनच्याच सायपाय लायब्ररीतले फोर्ट्रानफाइल वापरा. खुणा ते ओळखते. फोर्ट्रानमध्ये पहिला निर्देशांक सर्वांत वेगाने फिरतो, म्हणून तिकडची (१३५, १२९) सारणी इकडे (१२९, १३५) अशी घ्या.

सरांना मात्र नेटसीडीएफ या, आकड्यांसोबत त्यांचे वर्णनही साठवणाऱ्या फाइल-प्रकारात लिहायची विनंती करा. अक्षांश-रेखांश, एकक, माहिती नसलेल्या घरांचा उणे ९९९, सगळे फाइलीतच राहते. काही संगणक एका आकड्याचे बाइट उलट क्रमाने लिहितात, त्याचीही काळजी मिटते. फोर्ट्रानमधला रेखांश-अक्षांश-काळ हा क्रम पायथनमध्ये काळ-अक्षांश-रेखांश असा दिसेल. तो तसाच असतो, पुन्हा उलटवू नका. नेटसीडीएफ जमत नसेल, तर फाइल उघडणाऱ्या ओपन या आज्ञेत अ‍ॅक्सेस ‘स्ट्रीम’ (खुणांशिवाय सलग लिहिणे) करायला सांगा. ही सोय फोर्ट्रान २००३ पासून आहे. मग फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची व्हायला हवी.