दोन मांजरांचं पटत नसेल तर
ताई, तुमच्या बोक्याचं आणि मांजरीचं पटत नाही म्हणताय, पण घणसोलीच्या वन बीएचकेमधेही दोन मांजरं नीट राहतात, टेन्शन घेऊ नका. लक्ष फक्त मारामारीवरच ठेवू नका, बोका पॅसेजमधे नुसता टक लावून बसतो आणि ती बिचारी मांजर लिटरकडे, म्हणजे शी-सूच्या ट्रेकडे, जातच नाही, हा पण त्रासच आहे. लिटर ट्रे तीन ठेवा, दोन मांजरं प्लस एक, आणि वेगवेगळ्या कोपऱ्यात, शेजारी शेजारी ठेवले तर बोका एकटा तिन्ही अडवतो. जेवणाच्या वाट्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा. कपाटावर जुनी चादर टाका, वर चढायला स्टूल. ओरडू नका प्लीज, पाणी तर अजिबात मारू नका. आणि बोका सारखा ट्रेत बसतोय पण सू होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्र असली तरी लगेच डॉक्टरकडे न्या, लघवी तुंबली तर जीवावर बेततं.